साऊथ पॅसिफिक (१९५८) बघितलाय का कोणी? नेलीचा राग यायला हवा ना, मग येत का नाही?

अबोली_ठाणे

मागच्या रविवारी पाऊस मरणाचा, बाहेर पडायची सोय नाही, आईला म्हटलं चल काहीतरी जुनं गाण्यांचं बघू. साऊंड ऑफ म्युझिक तिला तोंडपाठ आहे, म्हणून त्याच जोडीचा म्हणजे रॉजर्स आणि हॅमरस्टीनचा साऊथ पॅसिफिक लावला. मूळ ब्रॉडवेवरचं नाटक १९४९ चं, मिशनर नावाच्या लेखकाच्या कथांवरून केलेलं, सिनेमा १९५८ चा. मला वाटलेलं समुद्र, नारळाची झाडं, नाचणारे खलाशी, दुपार मजेत जाईल. आणि पहिला तासभर तसंच चालू होतं हो.

गोष्ट थोडक्यात. दुसरं महायुद्ध, पॅसिफिकमधलं एक बेट, अमेरिकन नौदलाचा तळ. नेली फोरबुश ही तिथली नर्स, अर्कान्सासमधल्या लिटल रॉकची, एकदम गोड, बडबडी, हसतमुख पोरगी. तिचं जमतं एमिल द बेक या मध्यमवयीन फ्रेंच मळेवाल्याशी. त्याच्या घरी दोन लहान मुलं दिसतात, सावळी, गोंडस. ती त्यांचे लाड करते, कोणाची गं ही म्हणून विचारते. तो म्हणतो माझी. तिला वाटतं चेष्टा करतोय, हसते. मग तो सांगतो की खरंच माझी, त्यांची आई वारली, ती पॉलिनेशियन होती.

आणि त्या बाईचा चेहरा! मी रिमोट घेऊन तेवढंच तीनदा बघितलं. ओरडत नाही, वाईट शब्द काढत नाही, उलट छान छान बोलत राहते पण पायाने मागे मागे जाते. उशीर झाला, निघायला हवं, वगैरे. आपल्याकडे स्थळ नाकारताना "पत्रिका जमत नाही हो" म्हणतात ना, अगदी तो सूर.

दुसरीकडे लेफ्टनंट केबल, फिलाडेल्फियाच्या बड्या घरचा. त्याचं प्रेम लिआट नावाच्या टाँकिनी मुलीवर (टाँकिन म्हणजे आत्ताचा उत्तर व्हिएतनाम), पण लग्नाचं नाव निघालं की हा गार. नेली एमिलला सांगते की याला काही कारण नाही रे, हे माझ्यात जन्मापासूनच आहे. एमिल म्हणतो मला नाही पटत. आणि मग केबल ते गाणं म्हणतो, यू हॅव गॉट टू बी केअरफुली टॉट. सूर अगदी बालवाडीतला, उड्या मारत जाणारा, आणि सांगतोय काय तर द्वेष जन्मजात नसतो, तो पोराला सहा-सात-आठ वर्षांचं व्हायच्या आत नीट घोटून शिकवावा लागतो, म्हणजे घरातल्यांना ज्यांचा तिटकारा त्यांचा त्यालाही येतो. दीडेक मिनिटात खलास. माझ्या हातातला चहा गार.

मला अडकलंय ते एवढंच की यात व्हिलन नाहीच. वर्णद्वेष करणारी बाई हीच हिरॉइन, आपल्याला आवडलेली. तिचा राग यायला हवा तर येत नाही, आणि तो येत नाही याचाच राग येतो. कोणी बघितलाय का? बोला.

---

कटिंगचहा

बघितलाय, कॉलेजात, अर्धा. माझा टीव्ही बिघडला असं वाटून मी उठून मागच्या वायरी हलवल्या होत्या. मधेच सगळं जांभळं होतं, मग पिवळं, मग परत नॉर्मल. तो प्रॉब्लेम माझ्याच टीव्हीचा होता की सगळ्यांना दिसतं हे?

---

अबोली_ठाणे

सगळ्यांना दिसतं 😂 आई म्हणाली केबलवाल्याला फोन कर. तिला सांगितलं की अगं आपल्याकडे केबल दोन वर्षांपासून नाहीये.

---

रेकॉर्डप्लेअर

धागा बघून राहवलं नाही, लांबण लागेल, माफ करा.

ते रंग मुद्दाम आहेत. दिग्दर्शक जोशुआ लोगन मूळचा रंगभूमीवरचा माणूस, या नाटकाचाही दिग्दर्शक आणि सहलेखक तोच. नाटकात गाणं सुरू झालं की लाईट बदलतात, निळा होतो, गुलाबी होतो, प्रेक्षकाला कळतं की आता आपण मनाच्या आत शिरलो. तेच त्याला सिनेमात हवं होतं म्हणून कॅमेऱ्यापुढे रंगीत फिल्टर लावले. आता स्टेजवर मागे रंगवलेला पडदा असतो हो, इथे हवाईतल्या कौआई बेटावरचा खराखुरा डोंगर आणि खराखुरा समुद्र, त्यावर जांभळं-पिवळं ओतलं की कावीळ झाल्यासारखं दिसतं. लोगनला पुढे पश्चात्ताप झाला. नंतर लॅबमध्ये काढता येतील अशा समजुतीवर ते लावलेले, पण तोवर तिकिटं आगाऊ विकली गेली होती, वेळच उरला नाही. गंमत म्हणजे त्याच फोटोग्राफीला ऑस्करचं नामांकन मिळालं. मिळालं मात्र साऊंडचं.

आणि साऊंडवरून आठवलं, या सिनेमातला माझ्या मते सगळ्यात बोचणारा भाग पडद्यावर नाहीच, पडद्यामागे आहे. ब्लडी मेरी, म्हणजे लिआटची आई, गवताचे स्कर्ट विकणारी, ती भूमिका हुआनिता हॉल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची. ब्रॉडवेवरही तीच होती आणि त्याच कामासाठी १९५० मध्ये तिला टोनी (ब्रॉडवेवरच्या नाटकांचं मोठं बक्षीस) मिळालं, टोनी मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन. बाली हाय हे गाणं तिने रंगमंचावर वर्षानुवर्षं गाऊन गाजवलं. सिनेमा करताना ठरलं की हिचा आवाज नको. पडद्यावर तोंड तिचं आणि आवाज म्युरिएल स्मिथचा, जिने लंडनच्या प्रयोगात हीच भूमिका केली होती. ज्या गाण्याने बक्षीस दिलं त्याच गाण्याला ओठ हलवत उभं राहायचं.

डबिंग काही एकट्या तिचं नाही झालं. एमिलचं काम रोसानो ब्राझी या इटालियन नटाचं, आवाज जॉर्जिओ टोझी या ऑपेरागायकाचा. केबल म्हणजे जॉन केर, आवाज बिल ली. प्रमुखांपैकी नेली झालेली मिट्झी गेनर स्वतःच्या गळ्याने गायली. आपण प्लेबॅकवर वाढलेली माणसं, आपल्याला याचं काही वाटत नाही, नर्गिसला लताचा आवाज म्हणजे दुधात साखर. पण नर्गिसने ती गाणी आधी स्टेजवर गायली नव्हती ना. फरक तिथे आहे.

अजून एक. कृष्णवर्णीय बाईला व्हिएतनामी आईचं काम दिलं, मग पुढे याच जोडीच्या फ्लॉवर ड्रम साँग नाटकात त्याच हुआनिताबाईंना चिनी केलं. गोरं नाही ना, मग कुठेही चालतं, असा हिशोब.

---

सरळसोट

सगळ्यांना वाहवा करायची असेल तर करा पण मला हा सिनेमा चक्क पळपुटा वाटतो. नीट बघा काय केलंय. दोन जोड्या आहेत. एक, गोरी बाई आणि गोरा पुरुष, त्याची पहिली बायको पॉलिनेशियन पण ती सोयीस्करपणे आधीच मेलेली. दोन, गोरा पुरुष आणि आशियाई मुलगी, हे खरं आंतरवर्णीय लग्न, ते होणार का? नाही. केबल गाणं म्हणतो, त्याला साक्षात्कार होतो आणि लगेच मोहिमेवर जाऊन मरतो. लग्नाचा प्रश्नच मिटला. लेखकाने हात झटकले. शेवटी गोरं जोडपं आणि दोन गोड मुलं, आत्मा शांत.

आणि लिआट बोलते किती? मोजा. हॅपी टॉक गाण्यात आई गाते आणि ही बोटांनी चिमण्या आणि चंद्र करून दाखवते. तिला काय वाटतं हे कोणी विचारत नाही. तिची आई पहिल्या भेटीत केबलला तिच्या झोपडीत आणून सोडते आणि पार्श्वभूमीला रोमँटिक गाणं. आपण एखाद्या मराठी सिनेमात असं दाखवलं असतं तर याच साईटवर शंभर प्रतिसादांचा दंगा झाला असता.

द्वेष कसा शिकवतात यावरचं गाणं एका गोऱ्याने गोऱ्यांसाठी म्हटलेलं आहे. ज्यांचा द्वेष होतो ते तेव्हा सीनमध्येसुद्धा नाहीत.

---

अबोली_ठाणे

@सरळसोट शेवटचं वाक्य बरोबर, मान्य, मला हे सुचलंच नव्हतं. पण केबलच्या मरण्याबद्दल मला वेगळं वाटलं. त्याला कळलं पण उशिरा कळलं. एमिल जिवंत परत येतो की नाही अशी भीती वाटते तेव्हा नेलीला अक्कल येते, पण तिचं नशीब की तो परत येतो. केबलला दुसरी संधी नाही. दोघांचा अपराध एकच, शिक्षा एकालाच. मला ते सोयीचं नाही वाटलं, अन्यायाचं वाटलं आणि तेच बरोबर वाटलं. लिआटबद्दल मात्र बोलायला जागाच नाही. शून्य.

---

एडिसनची_आई

मी सहसा वाचनमात्र असते पण ब्लडी मेरीचं नाव आलं आणि हात शिवशिवले.

माझी लेक दहावीत असताना तिच्या शाळेने (न्यू जर्सी, नाव नको) हे नाटक बसवलं. इकडे शाळांमध्ये दरवर्षी एक म्युझिकल असतं, मोठा इव्हेंट असतो तो, तिकिटं लावतात. पोरगी लहानपणापासून गाणं शिकलेली, भजनं पण आणि व्हॉइस क्लासही. ऑडिशनला तिने नेलीचं गाणं तयार केलं, आरशासमोर डोक्याला शॅम्पू लावायची ॲक्टिंग करत. (नाटकात नेली खरोखर केस धुताधुता गाते, त्या माणसाला केसातून धुऊन टाकते म्हणत.) दोन दिवसांनी लिस्ट लागली, ब्लडी मेरी. टीचर म्हणाल्या तुझा आवाज खूप डेप्थवाला आहे. चांगल्या होत्या हो बाई, खरंच, वाईट हेतू नव्हता, पण अख्ख्या ग्रुपमध्ये गव्हाळ रंगाच्या दोनच मुली, एक ब्लडी मेरी आणि दुसरी लिआट. ती दुसरी तेलुगू. आवाजाची डेप्थ बरोबर रंगाशी मॅच झाली म्हणायची.

लेक रुसली, मग म्हणाली करते. पण भूमिकेचं इंग्रजी मोडकं आहे, क्रियापदं गाळून बोललेलं, आणि ही जन्माने जर्सीची, हिला मोडकं इंग्रजी येईना. टीचर म्हणाल्या इमॅजिन करून बघ. दोन आठवडे झगडली. मग एक दिवस रिहर्सलहून आली आणि म्हणाली जमलं. कसं जमलं ते मला प्रयोगाच्या रात्री कळलं. ती माझ्या सासूबाईंसारखं बोलत होती. हुबेहूब. त्या डीएमव्हीच्या (म्हणजे इकडच्या आरटीओच्या) खिडकीत बोलतात तसं, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून, जरा मोठ्याने, मधेच हात उडवून. हॉल हसून हसून लोळत होता. सासूबाई माझ्या शेजारी, नऊवारीवर स्वेटर घालून बसलेल्या. त्याही हसत होत्या. मी मेल्याहून मेली झाले.

घरी येताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "छान बोललीस हो सोनू. अगदी माझ्यासारखं." लेक एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात तिने मेरी सरळ स्वच्छ इंग्रजीत केली. टीचरने नंतर विचारलं काय झालं, कालचं किती फनी होतं.

त्या प्रयोगात हसू कमी आलं. पण बाली हायला पिन ड्रॉप सायलेन्स होता. आईचा अभिमान म्हणा हवं तर.

---

कटिंगचहा

@एडिसनची_आई दंडवत त्या पोरीला. "आवाजाची डेप्थ रंगाशी मॅच" 🙏

---

ओसरी

एडिसनच्या ताईंचं वाचून गप्प झालो होतो, आता लिहितो.

अबोली, तुम्ही विचारलंत नेलीचा राग का येत नाही. मला तरी वाटतं कारण ती आपल्या ओळखीची आहे. माझी आजी होती नेली. आमचं गाव राजापूर तालुक्यात, मागच्या पडवीत भिंतीत एक कोनाडा आणि त्यात एक कपबशी. कपाचा कान तुटलेला, बशीला निळी नक्षी. आंबे उतरवायला, शेणी थापायला जी माणसं यायची त्यांना त्यात चहा. ते प्यायले की स्वतःच पन्हळीखाली धुऊन कोनाड्यात पालथी घालायचे. आजी त्यांच्याशी गोड बोलायची, त्यांच्या पोरांना खाऊ द्यायची, वरून टाकायची ओंजळीत. कधी कुणाला टाकून बोलल्याचं मला आठवत नाही. मला कोणी कधी सांगितलं नाही की तो कप कोणाचा. मी पाच-सहा वर्षांचा असेन, एकदा पाणी प्यायला तो उचलला आणि आजी फक्त "अं हं" म्हणाली. एवढंच. अं हं. मग मी कधी उचलला नाही.

त्या गाण्यात घोटून शिकवतात असं म्हटलंय ते मला तितकंसं पटत नाही. घोटावं लागत नाही. अं हं पुरतं.

---

तात्या_नको

छान चर्चा चालली होती, आता आली जात. कुठल्याही धाग्यावर अमेरिकेचा विषय असो की अंटार्क्टिकाचा, शेवटी आपल्याकडे येऊन आपल्याच आज्यांना झोडपायचं. तो काळ वेगळा होता. आणि आपल्या संगीत नाटकांनी हे विषय त्यांच्या कितीतरी आधी घेतलेत. देवलांचं शारदा १८९९ चं, म्हाताऱ्याला पैशासाठी पोरगी विकण्यावर, आणि त्याचा परिणाम एवढा की सरकारला शारदा ॲक्ट आणावा लागला. अमेरिकेला आपण कशाला डोक्यावर घ्यायचं?

---

रेकॉर्डप्लेअर

@तात्या_नको शारदाबद्दल तुमच्या पंक्तीला मी बसतो, काय नाटक आहे! पण तेवढं दुरुस्त करा, १९२९ चा बालविवाहाचा कायदा ज्याला आपण शारदा ॲक्ट म्हणतो तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावावरून. सारडाचं आपण शारदा केलं आणि देवलांच्या नायिकेच्या नावावर खपवलं. गैरसमज गोड आहे, म्हणून तर टिकलाय.

आणि अमेरिकेला कोणी डोक्यावर घेत नाहीये. उलट त्यांनी या गाण्याचं काय केलं ते ऐका. नाटक न्यूयॉर्कला लागायच्या आधी न्यू हेवनला चाचणीचे प्रयोग झाले तेव्हाच जाणकारांनी सांगितलं हे गाणं काढा, बाकी नाटक झकास आहे. हॅमरस्टीनचं म्हणणं की हे गाणं म्हणजेच नाटक आहे. राहिलं. नाटकाला १९५० चं पुलित्झर मिळालं, ब्रॉडवेवर १९२५ प्रयोग झाले. मग १९५३ मध्ये दौऱ्यावरचा प्रयोग अटलांटात झाला आणि जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळातले दोघे जण खवळले. त्यांना यात मॉस्कोची फूस दिसली आणि असल्या करमणुकीवर बंदी आणायची भाषा झाली. हॅमरस्टीनने उलट विचारलं की माणुसकीचं काही बोललं की ते मॉस्कोहूनच आलेलं असणार हे कसं काय बुवा.

आता सिनेमाच्या तारखा बघा. नेली लिटल रॉकची, हे १९४९ मध्ये नुसतं एका गावाचं नाव होतं. सप्टेंबर १९५७ मध्ये त्याच लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या मुलामुलींना शिरू देईनात, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कर धाडावं लागलं. सहा महिन्यांनी, मार्च १९५८ मध्ये, हा सिनेमा लागतो आणि पडद्यावरची गोड नर्स म्हणते मी लिटल रॉकची. थिएटरात बसलेल्यांना ते गाव काय आहे हे सांगायची गरज उरली नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याने वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, तो गोरा ती काळी, आणि जुलैत व्हर्जिनियातल्या घरी रात्री बिछान्यातून उठवून पोलिसांनी पकडलं. गुन्हा काय, लग्न. तो कायदा सुप्रीम कोर्टाने रद्द केला १९६७ मध्ये, तोवर सोळा राज्यांत असे कायदे शिल्लक होते.

हॉलिवूडच्या स्वतःच्या नियमावलीतही गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती, ती १९५६ मध्ये उठली. म्हणून @सरळसोट, पळपुटा म्हणताना हे ध्यानात घ्या. आणि तुम्ही म्हणता ते लग्न लोगनने आदल्याच वर्षी सायोनारामध्ये दाखवलं होतं, अमेरिकन सैनिक आणि जपानी मुलगी. तीही मिशनरचीच कादंबरी.

---

सरळसोट

माहिती एक नंबर, सेव्ह करून ठेवली. पण काका, कायदा वाईट होता म्हणून केबलला मारलं हे स्पष्टीकरण झालं, माफी नाही झाली. लेखकाला धाडस करायचंच होतं तर गाणं ठेवायचं धाडस केलं तसं लिआटला चार वाक्यं द्यायचं पण करता आलं असतं. त्याला कुठला कायदा आडवा येत होता?

---

रेकॉर्डप्लेअर

नव्हता येत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तरी एक सांगतो, ही माणसं नुसती गाण्यातच शहाणी नव्हती. १९४९ मध्ये, म्हणजे नाटक लागलं त्याच वर्षी, लेखिका पर्ल बक यांनी पेनसिल्व्हेनियात वेलकम हाऊस ही दत्तक संस्था काढली. आशियाई-अमेरिकन मिश्र वंशाची मुलं तेव्हा बाकीच्या दत्तक संस्था घेईनात, ठेवणार कुठे म्हणून. हॅमरस्टीन आणि मिशनर दोघे शेजारपाजारचे, दोघेही त्या कामात होते. मिशनरची पुढची बायको मारी जपानी-अमेरिकन, युद्धात तिला छावणीत डांबलं होतं. म्हणजे एमिलची ती दोन मुलं त्यांच्यासाठी कागदावरची नव्हती.

मूळ कथेत तर एमिलला दोन नाही, आठ मुली आहेत, वेगवेगळ्या बायकांपासून. ब्रॉडवेला आठ झेपल्या नसत्या.

---

कटिंगचहा

आठ 😳

मी एक वेगळाच धागा ओढतो. ब्लडी मेरी टाँकिनी आहे तर ती त्या बेटावर करते काय? व्हिएतनाम कुठे आणि पॅसिफिकमधली ती बेटं कुठे. मिशनर नौदलात असताना न्यू हेब्रिडीजमध्ये, आत्ताचं वानुआतू, एस्पिरितु सांतो बेटावर होता. तिथे फ्रेंच मळेवाल्यांनी नारळाच्या मळ्यांवर राबायला टाँकिनमधून कराराचे मजूर आणलेले. मेरी त्यातली. म्हणजे आपला रोमँटिक एमिल, ज्याच्या बंगल्यावर संध्याकाळी वाइन आणि समुद्राचा देखावा, तो ज्या वर्गातला मालक, त्याच वर्गाने मेरीला बोटीत घालून आणलं. सिनेमात यावर एक शब्द नाही. तिला फक्त डॉलर मोजणारी आणि पोरगी खपवणारी विनोदी बाई केलंय. मुलीला गोऱ्या साहेबाच्या गळ्यात बांधायची तिला एवढी घाई का, याचं उत्तर तिच्या करारात आहे हो. मळ्यावरची दुसरी वाट काय होती त्या पोरीला?

आपल्याकडच्यांना हे कळायला अवघड नाही. कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेले आपले लोक याच पद्धतीचे करार करून गेले. तिकडच्या एखाद्या मराठी आजीवर कोणी म्युझिकल काढलं असतं आणि तिला मोडकं इंग्रजी दिलं असतं तर कसं वाटलं असतं, ते वर एडिसनच्या ताईंनी लिहिलंच आहे.

---

एडिसनची_आई

हे मला माहीतच नव्हतं. लेकीला पाठवते, ती आता कॉलेजला आहे. शाळेत चार महिने तालीम झाली, मेरी तिथे कशी पोचली हे कोणी सांगितलं नाही बघा.

बाय द वे २००८ चा लिंकन सेंटरचा रिव्हायव्हल (हेच नाटक नव्याने बसवलेलं) मी न्यूयॉर्कला जाऊन बघितलेला, केली ओ'हारा नेली होती. त्यात दिग्दर्शकाने दोन गोष्टी केलेल्या. काळे खलाशी रंगमंचावर होते पण गोऱ्यांपासून वेगळे उभे, कारण युद्धात अमेरिकन सैन्यात वेगळी पथकंच होती, ती मोडायचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचा आदेश १९४८ ला आला. कोणी काही बोलत नाही त्यावर, नुसते वेगळे उभे असतात. आणि दुसरं, नेलीच्या तोंडी "कलर्ड" हा शब्द, जो १९४९ मध्ये उद्घाटनाआधी कापलेला, तो परत घातला. ती तो शब्द उच्चारते तेव्हा हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम श्वास घेतलेला ऐकू आला. तिकीट महाग होतं, त्या एका श्वासात वसूल.

---

तात्या_नको

रेकॉर्डप्लेअर, सारडांची दुरुस्ती मान्य. बाकी माझं मत कायम. (ओसरी, राग नसावा. आमच्याकडेही होता तसा एक तांब्या.)

---

ओसरी

राग कसला. तांब्या होता म्हणालात, पुरे झालं.

---

अबोली_ठाणे

अरे वा, दोन दिवस आले नाही तर केवढं लिहिलंत. सगळ्यांना एकेक करून उत्तर देत नाही, रेकॉर्डप्लेअर काकांनी जे गाण्याचं सांगितलं त्यावरून एवढंच की मी त्या सिनेमाच्या गाण्यांबद्दल शोधलं तर कळलं, इंग्लंडमध्ये त्याचा अल्बम सलग सत्तर आठवडे एक नंबरला होता. सत्तर! आणि लंडनच्या डॉमिनियन थिएटरात सिनेमा चार वर्षांवर चालला. म्हणजे घरोघरी ते दीड मिनिटाचं गाणं वाजत असणार, लोक भांडी घासताना गुणगुणत असणार. गुणगुणताना शब्द ऐकू येतात का कोणास ठाऊक.

ओसरींचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. म्हणाली, आमच्याकडे नव्हतं बाई असलं काही, तुझे आजोबा शिक्षक, सुधारक विचारांचे. मी बरं म्हटलं, विषय सोडला. रात्री भांडी आवरताना स्वयंपाकघरातून हाक आली. गेले तर ती हातात फडकं घेऊन उभी. म्हणाली, "स्टीलचा पेला होता. कप नव्हता. त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका होता, घासताना मिसळू नये म्हणून." मी विचारलं ठिपका कोणी लावला. म्हणाली, "मीच. दुसरीत होते. आईने सांगितलं आणि लाल रंग मला आवडायचा."

---

कटिंगचहा

.

(यावर काही लिहिता येईना म्हणून नुसता टिंब.)

शनिवारी पूर्ण बघतो आता. जांभळे सीन्स पळवू का?

---

अबोली_ठाणे

नको पळवूस, बाली हाय त्यातच आहे. आवाज ऐक आणि ओठ बघ.